न दिलेल्या उत्तराची किंमत
(संसदीय परंपरा या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



लोकशाहीची चर्चा निघाली की निवडणूक, बहुमत आणि सत्तांतर हे तीन शब्द चटकन ओठांवर येतात. निवडणूक पाच वर्षांतून एकदा होते. त्या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सत्तेला लगाम कोण घालतो, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. संसदीय पद्धतीने त्यासाठी एक अतिशय साधे साधन निर्माण केले आहे. विरोधी बाकावरचा एखादा सदस्य उभा राहतो आणि मंत्र्याला विचारतो, ‘हे खरे आहे काय? असल्यास, कोणाच्या आदेशाने झाले?’ मंत्र्याने त्याचे उत्तर द्यायचे असते. व्यवस्था एवढीच आहे. पण या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर राष्ट्राला त्याची केवढी किंमत मोजावी लागते, याचा धडा आयर्लंड या छोट्या देशाच्या संसदेने गेल्या काही दशकांत दोनदा घेतला. त्या दोन प्रसंगांचा विचार येथे करावयाचा आहे.

आयर्लंडच का, असे कोणी विचारील. त्या देशाशी भारताचे, आणि विशेषतः महाराष्ट्राचे, वैचारिक नाते जुने आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ज्या होमरूल लीगची स्थापना केली, तिचे नावच आयरिश चळवळीतून आले होते. भारतीय राज्यघटनेच्या शिल्पकारांनी राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे घटनेत घालताना १९३७ च्या आयरिश संविधानाचा आदर्श समोर ठेवला. राज्यसभेत राष्ट्रपतींनी बारा सदस्य नियुक्त करण्याच्या कल्पनेमागेही आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाची प्रेरणा होती. ज्या घराकडून काही घेतले, त्या घरात पुढे काय घडले, हे जाणून घेणे औचित्याचे आहे.

संसदेचा जन्म आणि प्रश्नाचा अधिकार

आयर्लंडचे लोकसभेसारखे कनिष्ठ सभागृह ‘डॉल एरन’ या नावाने ओळखले जाते. त्याचा जन्मच स्वातंत्र्यसंग्रामात झाला. १९१८ च्या निवडणुकीत ब्रिटिश संसदेवर निवडून आलेल्या शिन फेन पक्षाच्या सदस्यांनी लंडनला जाण्याचे नाकारले. त्यांच्यापैकी जे तुरुंगाबाहेर होते ते २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये जमले आणि त्यांनी आपली स्वतंत्र संसद भरविली. आज ती लेन्स्टर हाउस या वास्तूत भरते.

१९३७ च्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात शासन डॉलला उत्तरदायी असेल, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. भारतीय घटनेच्या पंचाहत्तराव्या अनुच्छेदातील सामूहिक जबाबदारीचे तत्त्व याच कुळातले आहे. आयरिश संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सदस्यांना आणखी एक कवच दिले. सभागृहात केलेल्या वक्तव्याबद्दल त्यांना कोणत्याही न्यायालयापुढे जाब द्यावा लागत नाही. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे विरोधी सदस्याचे सामर्थ्य लक्षात येते. त्याला निर्भयपणे विचारता यावे आणि मंत्र्याला उत्तर टाळता येऊ नये, हा घटनाकारांचा हेतू होता.

प्रत्यक्ष व्यवहारात मंत्री ठरलेल्या क्रमाने सभागृहापुढे येतात. तोंडी प्रश्नांना जोडून उपप्रश्न विचारता येतात. लेखी प्रश्नांची संख्या तर वर्षाला हजारोंच्या घरात जाते. उत्तराचा मसुदा सचिवालयातील अधिकारी तयार करतात, मंत्री त्याला मान्यता देतात आणि सभागृहाच्या कार्यवृत्तात ते कायमचे नोंदले जाते. कागदावर सगळे चोख दिसते. मात्र प्रश्नाला तांत्रिकदृष्ट्या उत्तर द्यायचे, आणि तरीही विचारणाऱ्याला काहीही कळू द्यायचे नाही, ही कला जगभरच्या सचिवालयांना अवगत आहे. आयर्लंडही त्याला अपवाद नव्हता.

एक विमा आणि अनेक प्रश्न

पहिला प्रसंग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. गोमांसाची निर्यात हा त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग. या सभागृहातील अनेकांना तो व्यापार कानांवर पडणेही रुचणार नाही. परंतु तेथे उपस्थित झालेला मुद्दा मालाचा नव्हता, जनतेच्या पैशाचा होता. एखाद्या निर्यातदाराने परदेशात माल विकला आणि खरेदीदाराने पैसे बुडविले, तर ती हानी सरकारने भरून द्यायची, अशी निर्यात पतविम्याची योजना तेथे होती. विम्याचा लाभ व्यापाऱ्याला मिळतो आणि जोखीम करदात्याच्या माथी बसते. म्हणून तो कोणाला, किती आणि कोणत्या निकषावर दिला, हे विचारण्याचा संसदेला पूर्ण अधिकार होता.

इराक त्या वेळी इराणशी युद्ध करीत होता आणि त्याची परतफेडीची क्षमता संशयास्पद होती. म्हणून इराककडे जाणाऱ्या मालाला असे संरक्षण देणे आयर्लंडच्या आधीच्या सरकारने थांबविले होते. १९८७ मध्ये चार्ल्स हॉही यांच्या नेतृत्वाखाली फियाना फॉल पक्षाचे सरकार आले. उद्योग व वाणिज्य खात्याचे मंत्री होते अल्बर्ट रेनॉल्ड्स. त्यांनी हे विमासंरक्षण पुन्हा सुरू केले आणि त्याचा फार मोठा वाटा दोन कंपन्यांच्या पदरात पडला. त्यांपैकी एक होता गुडमन हा बलाढ्य उद्योगसमूह.

मजूर पक्षाचे सदस्य बॅरी डेस्मंड यांनी १९८९ च्या पूर्वार्धात या विषयावर सभागृहात प्रश्नांची मालिका सुरू केली. डेस्मंड हे नवखे नव्हते. पूर्वीच्या सरकारात त्यांनी आरोग्यमंत्री म्हणून काम केले होते आणि सरकारी उत्तरे कशी तयार होतात हे ते आतून जाणत होते. त्यांच्याबरोबर डेस्मंड ओमॅली, तसेच वर्कर्स पार्टीचे टोमास मॅक गिला यांनीही हा विषय लावून धरला. ओमॅली हे प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स या लहान पक्षाचे नेते होते. विमा कोणाला मिळाला? किती रकमेचा? इतर निर्यातदारांचे अर्ज का बाजूला पडले? प्रश्न साधे होते.

उत्तरे मात्र साधी नव्हती. व्यापारी गोपनीयतेची सबब पुढे येत राहिली. जेवढे विचारले तेवढ्याच शब्दांभोवती उत्तर फिरायचे, आणि प्रश्नातील एखादा शब्द कमीअधिक झाला की माहिती निसटून जायची. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, देशाच्या एका प्रमुख उद्योगाला सुरुंग लावण्याचा हा खटाटोप आहे, असा आरोप सरकार पक्षाकडून प्रश्नकर्त्यांवरच करण्यात आला. सरकारला विचारलेल्या प्रश्नाला राष्ट्रहिताचा विरोध ठरविण्याची ही युक्ती फार जुनी आहे आणि ती कोणत्याही एका देशाची किंवा पक्षाची मिरासदारी नाही.

प्रश्न विचारणारा खुर्चीत बसला

जून १९८९ मध्ये हॉही यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली. बहुमत मिळेल ही अपेक्षा फोल ठरली आणि त्यांना ओमॅलींच्या पक्षाशी युती करावी लागली. ओमॅली त्याच उद्योग व वाणिज्य खात्याचे मंत्री झाले. जी माहिती विरोधी बाकावरून मागून मिळत नव्हती, तिची संचिका आता त्यांच्याच मेजावर होती.

संचिकेतून जे बाहेर आले ते विलक्षण होते. हा विमा आयर्लंडमधील उत्पादनाला आणि तेथील रोजगाराला उत्तेजन देण्यासाठी होता. परंतु १९८७ आणि १९८८ या वर्षांत गुडमन समूहाने त्या संरक्षणाखाली इराकला पाठविलेल्या मालापैकी सुमारे ३८ टक्के माल देशाबाहेरून आणलेला होता. म्हणजे आयरिश करदाता परदेशी मालाची हमी घेऊन बसला होता. ओमॅलींनी तो विमा रद्द केला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, इराककडून येणे असलेले पैसे अडकले आणि गुडमन समूह आर्थिक संकटात सापडला. त्यातून मार्ग काढण्यासाठी कंपनी कायद्यात तातडीने दुरुस्ती करावी लागली आणि उन्हाळ्याच्या सुटीत असलेली संसद पुन्हा बोलवावी लागली. सभागृहाने आधी विचारलेला ‘जोखीम किती?’ हा प्रश्न किती योग्य होता, हे परिस्थितीने सिद्ध केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बॅरी डेस्मंड १९८९ मध्येच युरोपीय संसदेवर निवडून गेले आणि डब्लिनचे सभागृह त्यांनी सोडले. पण प्रश्न मागे राहिला. मजूर पक्षाचे नेते डिक स्प्रिंग आणि वर्कर्स पार्टीचे पॅट रॅबिट यांनी तो आपलासा केला. मे १९९१ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पत्रकार सुझन ओकीफ यांचा या उद्योगावरचा शोधवृत्तान्त प्रसारित झाला. सभागृहात पुन्हा वादळ उठले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारला न्यायालयीन चौकशी न्यायाधिकरण नेमणे भाग पडले. उच्च न्यायालयाचे अध्यक्ष न्यायमूर्ती लिअम हॅमिल्टन यांच्याकडे ते काम सोपविण्यात आले.

न्यायमूर्तींचा अभिप्राय

हॅमिल्टन न्यायाधिकरणाचे कामकाज २२६ दिवस चालले. मंत्री, माजी मंत्री, सचिव, अधिकारी आणि उद्योजक यांना शपथेवर साक्ष द्यावी लागली. देशातील नामांकित वकिलांचा ताफा दिवसेंदिवस तेथे उभा होता आणि त्यांच्या शुल्काचा मोठा भार शेवटी सरकारी तिजोरीवर पडला. अहवाल सादर व्हायला १९९४ चा उन्हाळा उजाडला. चौकशीला तीन वर्षे लागली.

या काळात राजकीय पडझडही झाली. १९९२ मध्ये पंतप्रधान झालेले रेनॉल्ड्स यांनी न्यायाधिकरणापुढील साक्षीत आपल्याच मंत्रिमंडळातील सहकारी ओमॅली यांची साक्ष अप्रामाणिक असल्याचे म्हटले. युती तुटली, सरकार विश्वासमताला मुकले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. मजूर पक्षाला ३३ जागांचे अभूतपूर्व यश मिळाले. नंतर नियतीने आणखी एक वळण घेतले. ज्या स्प्रिंग यांनी विरोधी बाकावरून या प्रकरणी रान उठविले होते, तेच रेनॉल्ड्स यांच्याबरोबर युती करून उपपंतप्रधान झाले.

चौकशीतून दोन मोठे घटनात्मक प्रश्नही उभे राहिले. मंत्रिमंडळाच्या बैठकीत काय बोलले गेले, हे न्यायाधिकरण विचारू शकते काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ‘नाही’ असे उत्तर दिले. तेथील जनतेला ही गोपनीयता इतकी कडेकोट नको होती. १९९७ च्या सार्वमताने संविधानात दुरुस्ती होऊन तीत काही अपवाद घालण्यात आले. दुसरा प्रश्न होता सदस्यांचा. सभागृहात आरोप करताना माहिती कोणी पुरविली, हे स्प्रिंग, रॅबिट आणि मॅक गिला यांना सांगायला लावता येईल काय? १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदस्यांच्या बाजूने कौल दिला. सदस्याला माहिती देणाऱ्या सामान्य माणसाचे नाव सुरक्षित राहिले नाही, तर विरोधी पक्षाला पुन्हा कधी कोणी काही सांगणार नाही, हे त्या निर्णयाचे व्यावहारिक महत्त्व होते. पत्रकार ओकीफ यांना मात्र घटनात्मक कवच नव्हते. आपले सूत्र सांगण्यास नकार दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला आणि १९९५ मध्ये त्यातून त्यांची मुक्तता झाली.

रेनॉल्ड्स यांच्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. विमा देण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच्या समजुतीनुसार राष्ट्राच्या हितासाठी घेतला होता, असे न्यायाधिकरणाने म्हटले. वैयक्तिक लाभाचा ठपका त्यांच्यावर आला नाही. मग एवढ्या सगळ्या खटाटोपाची आवश्यकता कशामुळे निर्माण झाली? स्वतः न्यायमूर्ती हॅमिल्टन यांनी सुनावणीच्या ओघात त्याचे उत्तर दिले. सभागृहात विचारलेल्या प्रश्नांना न्यायाधिकरणापुढे मिळाली तशी उत्तरे तेव्हाच मिळाली असती, तर या चौकशीची गरजच पडली नसती आणि पुष्कळसा पैसा व वेळ वाचला असता, असा त्यांच्या उद्गारांचा आशय होता. आयर्लंडच्या संसदीय इतिहासात हे उद्गार अजूनही पुन्हा पुन्हा उद्धृत केले जातात.

त्या उद्गारांचा मथितार्थ विचारात घेण्यासारखा आहे. मंत्र्याचा निर्णय चुकीचा असू शकतो, आणि चुकीच्या निर्णयाची चर्चा होऊन तो दुरुस्तही होऊ शकतो. मात्र निर्णय दडवला गेला की त्याभोवती संशय जमतो. संशयाला मग न्यायाधीश लागतात, वकील लागतात, वर्षे लागतात. या प्रकरणात रेनॉल्ड्स यांच्या हेतूवर डाग आला नाही, तरी त्यांचे सरकार गेले ते याच चौकशीतल्या साक्षीपायी. सरळ उत्तराने त्यांचेच सर्वाधिक रक्षण झाले असते.

या अनुभवाने आयर्लंड काही शिकला. १९९७ मध्ये तेथे माहिती स्वातंत्र्याचा कायदा झाला. संसदेतील प्रश्नोत्तरे ज्या कारणाने निष्प्रभ ठरली होती, ते कारणच दूर करण्याचा तो प्रयत्न होता. सदस्याला उत्तर अपुरे वाटल्यास सभापतींकडे दाद मागण्याची सोयही पुढे नियमांत करण्यात आली.

दुसरा प्रसंग : प्रश्न बरोबर, निष्कर्ष घाईचा

पहिल्या प्रसंगात मंत्र्यांचे कर्तव्य दिसते. दुसऱ्या प्रसंगात प्रश्नकर्त्यांचे कर्तव्य दिसते, आणि त्यात एक मराठी धागाही आहे. २०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. कोकणातल्या गावाशी नाळ असलेला हा तरुण नेता पदावर येऊन सहा महिने होण्याच्या आतच त्याचे सरकार एका विरोधी सदस्याच्या प्रश्नांनी डळमळीत झाले.

पार्श्वभूमी अशी. मॉरिस मकॅब नावाच्या पोलीस सार्जंटने वाहतूक गुन्ह्यांची दंडप्रकरणे परस्पर रद्द होत असल्याचे उघड केले होते. अशा माणसाच्या वाट्याला जे येते ते त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी उपस्थित केलेल्या तक्रारींच्या चौकशीसाठी २०१५ मध्ये न्यायमूर्ती ओहिगिन्स यांचा आयोग बसला, तेव्हा पोलीस आयुक्तांच्या वकिलांनी मकॅब यांच्या हेतूंवरच शंका घेण्याचा पवित्रा घेतल्याचे पुढे बाहेर आले. मग प्रश्न निर्माण झाला की, तत्कालीन न्यायमंत्री फ्रान्सिस फिट्झगेराल्ड यांना हे ठाऊक होते काय, आणि होते तर केव्हापासून?

मजूर पक्षाचे सदस्य ॲलन केली यांनी हा प्रश्न न्यायखात्याला लेखी स्वरूपात विचारला. उत्तर अपुरे आले, म्हणून पुन्हा विचारला. शब्द बदलून विचारला. नोव्हेंबर २०१७ मध्ये या चिकाटीला फळ आले. मे २०१५ मध्ये या वादाची माहिती देणारे एक ई-पत्र न्यायमंत्र्यांच्या कार्यालयाला पाठविले गेले होते, ही गोष्ट उघड झाली. पंतप्रधान वराडकर यांनी सभागृहात आधी दिलेली माहिती खात्याने पुरविलेल्या अपुऱ्या तपशिलावर आधारलेली होती. त्यांना थोड्याच दिवसांत सभागृहापुढे येऊन ती दुरुस्त करावी लागली, आणि न्यायखात्याच्या कारभारावर त्यांनी स्वतःच कठोर टीका केली.

फिट्झगेराल्ड त्या वेळी उपपंतप्रधान होत्या. ते पत्र आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी सांगितले. शिन फेन आणि फियाना फॉल या पक्षांनी अविश्वासाचे ठराव आणले. वराडकरांचे अल्पमतातील सरकार फियाना फॉलच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे होते, म्हणजे मुदतपूर्व निवडणूक दारात उभी राहिली. ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याची बोलणी त्याच सुमारास निर्णायक टप्प्यावर होती. देश अशा वेळी निवडणुकीत लोटला जाऊ नये म्हणून २८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ठराव मताला येण्यापूर्वीच, फिट्झगेराल्ड यांनी राजीनामा दिला.

बहुतेकांनी प्रकरण येथे संपले असे मानले. परंतु खरा बोध पुढेच आहे. या सर्व प्रकाराची तपासणी करणारे न्यायमूर्ती पीटर चार्लटन यांचा अहवाल ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फिट्झगेराल्ड यांनी त्या पत्राकडे दुर्लक्ष केले नव्हते. स्वतंत्र आयोगाच्या कामात मंत्र्याने हस्तक्षेप करणे अनुचित ठरले असते, म्हणून त्यांनी हस्तक्षेप केला नाही आणि ते योग्यच होते, असा निर्वाळा त्यांनी दिला. मकॅब यांच्या प्रामाणिकपणावरही अहवालाने शिक्कामोर्तब केले. सार्जंटला न्याय मिळाला. मंत्रीही निर्दोष ठरल्या, पण पद गेल्यावर.

यात ॲलन केली यांचा प्रश्न चुकला होता काय? मुळीच नाही. तो विचारला गेला नसता तर खात्यातील ते पत्र अंधारातच राहिले असते आणि पंतप्रधानांनी दिलेली अपुरी माहिती कार्यवृत्तात तशीच राहिली असती. चूक झाली ती उत्तर आणि निष्कर्ष यांच्यामधले अंतर नाहीसे करण्यात. प्रश्नाने कागद बाहेर काढला. त्या कागदाचा अर्थ काय, हे ठरविण्यासाठी जो धीर लागतो, तो राजकारणाने दाखविला नाही. आणि हेही विसरता येणार नाही की, खात्याने पहिल्याच प्रश्नाला संपूर्ण उत्तर दिले असते, तर ते पत्र एक साधी नोंद म्हणून समोर आले असते. लपलेले पत्र म्हणून ते बाहेर आले, आणि त्याच रूपाने एका निर्दोष व्यक्तीचे पद घेतले.

भारतीय अनुभवाच्या आरशात

हे सारे परक्या देशाचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. लोकसभेने स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांतच याचा अनुभव घेतला. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न सभागृहात आला. फिरोज गांधी सत्ताधारी बाकावरचे सदस्य, तरीही त्यांनी तो कमालीच्या तयारीने लढविला. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी करून महिन्याच्या आत अहवाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पद सोडले. डब्लिनच्या तीन वर्षांशेजारी मुंबईचा तो एक महिना ठेवून पाहावा.

याच संसदेने प्रश्नाच्या अधिकाराची विटंबनाही पाहिली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये विविध पक्षांच्या अकरा सदस्यांना संसदेतून निष्कासित करावे लागले. विकत घेतलेला प्रश्न आणि न दिलेले उत्तर या एकाच रोगाच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत सभागृहाच्या विश्वासाचा व्यापार होतो.

भारतीय घटनेच्या एकशे पाचव्या अनुच्छेदाने संसद सदस्यांना आणि एकशे चौऱ्याण्णवाव्या अनुच्छेदाने विधिमंडळ सदस्यांना भाषणाचे संरक्षण दिले आहे. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. आयर्लंडकडे आहेत ती साधने भारताकडेही आहेत. उरतो तो साधनांच्या वापराचा प्रश्न.

चार गोष्टी

आयर्लंडच्या या दोन प्रसंगांतून चार गोष्टी वेचून ठेवाव्यात.

पहिली, प्रश्न नेमका असावा. बॅरी डेस्मंड यांनी सरकार भ्रष्ट आहे काय, असे मोघम विचारले नाही. कोणाला, किती आणि केव्हा, असे विचारले. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते आणि दोघेही समाधानाने घरी जातात.

दुसरी, प्रश्नात सातत्य असावे. डेस्मंड गेले, स्प्रिंग आणि रॅबिट उभे राहिले. ॲलन केली एका उत्तरावर थांबले नाहीत. एखाद्या दिवसाचा गदारोळ वृत्तपत्रात जागा मिळवतो, पण त्यातून संचिका उघडत नाही. सभागृह बंद पाडणाऱ्या सदस्याला उत्तर मागण्याचा आपलाच अधिकार आपण बुडवीत आहोत, याचे भान असले पाहिजे.

तिसरी, प्रश्नकर्त्याच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेण्याची घाई करू नये. १९८९ मध्ये ज्यांना उद्योगाचे मारेकरी ठरविले गेले, त्यांनीच करदात्यावरची जोखीम वेळीच दाखविली होती. आज सत्तेत असलेला उद्या विरोधी बाकावर असतो, आणि ओमॅलींप्रमाणे विरोधी बाकावरचा त्याच मंत्र्याच्या खुर्चीत असतो. म्हणून ही शिस्त पक्षनिरपेक्ष राहिली तरच टिकते. स्वतःच्या पक्षाचे सरकार असताना जो कार्यकर्ता सरळ उत्तराचा आग्रह धरतो, तो त्या सरकारचा खरा हितचिंतक असतो.

चौथी, उत्तर मिळाल्यावर निर्णयाला वेळ द्यावा. फिट्झगेराल्ड यांची निर्दोषता अकरा महिन्यांनी जाहीर झाली. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. न्यायाची बूज राखणाऱ्या समाजाला प्रश्नाची तीक्ष्णता आणि निष्कर्षाचा संयम हे दोन्ही गुण एकाच वेळी अंगी बाणवावे लागतात.

शेवटी हे काम केवळ लोकप्रतिनिधींचे नाही. सभागृहातील प्रश्नोत्तरे सर्वांना उपलब्ध आहेत. आपल्या मतदारसंघाच्या सदस्याने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तरे मिळाली आणि ती उत्तरे वस्तुस्थितीशी जुळतात काय, हे पाहणारी दहा घरे प्रत्येक नगरात असली, तर सदस्यही सावध राहील आणि मंत्रीही. ज्या सामान्य माणसाने धैर्य करून सदस्याच्या हाती एक कागद दिला, त्याच्याविना डब्लिनमधील यातले काहीच घडले नसते. तो कागद देणारा हात निर्भय राहावा, हे पाहणे समाजाचे कर्तव्य आहे.